वॉरंटीत न बसणारं कुंकू

आमच्या घरात नवीन यंत्र आलं की ते चालतं की नाही हे पाहण्याआधी त्याला कुंकू लागतं. मिक्सरला लागलं, गीझरला लागलं, गॅसचा प्रत्येक सिलिंडर टिळा लावूनच स्वयंपाकघरात शिरतो, आणि माझ्या स्कूटरच्या तोंडावर इतके टिळे आहेत की तिचा मूळ रंग कोणता यावरून वाद होऊ शकतो. हे खातं पूर्वी आईकडे होतं. ती गेल्यावर तिचा कुंकवाचा करंडा बाबांकडे आला आणि बाबांनी हे खातं कंपनीच्या शिस्तीत चालवायला घेतलं.

कंपनी म्हणजे महाडच्या औद्योगिक वसाहतीतला केमिकलचा कारखाना. बाबा तिथे ऑपरेटर होते. पोलादपूरजवळच्या आमच्या गावातून कंपनीच्या बसने शिफ्टला जायचे आणि घरी येऊन आपल्या पंपाबद्दल बोलायचे. प्लँटमधला एक पंप त्यांच्या ताब्यात होता. तो मी कधी पाहिला नाही, पण माझ्या दहावीच्या निकालापेक्षा त्या पंपाच्या तब्येतीची चर्चा आमच्याकडे जास्त झाली हे मी शपथेवर सांगेन. खंडेनवमीला कारखान्यात मशिनं धुऊनपुसून पूजा व्हायची. साहेब लोक कंट्रोल पॅनेलला हार घालून, नारळ फोडून, पेढा खाऊन मोकळे व्हायचे. बाबा मात्र थेट पंपापर्यंत जायचे आणि त्याच्या अंगाला कुंकू लावायचे. "दरवाज्याला कुंकू लावून पंपाला काय कळणार गो?" असा त्यांचा सवाल असायचा. आपल्या हातात असेपर्यंत तो पंप एकदाही दगा देऊन बंद पडला नाही, असं ते सांगतात. बाबांच्या हाताखाली मशीन बंद पडत नाही, हीच आमच्या घरातली खरी इस्टेट. रिटायर होताना त्यांनी सोबत तेवढंच आणलं होतं.

मी घरं बांधली जाण्याआधी त्यांची चित्रं काढते. माणसं नकाशा देतात आणि मी त्यांना संगणकावर त्यांचं होणारं घर दाखवते, खिडक्या, जिने, भिंतींवर पडलेल्या सावल्यांसकट. गिऱ्हाईक दोन प्रकारचं असतं. एक मुंबईत राहून गावाकडे बंगला बांधणारं आणि दुसरं आखातात राहून बांधणारं. दोघांनाही काचेचं रेलिंग हवं असतं, खजुराची झाडं हवी असतात आणि अंगणात एक लांबलचक परदेशी गाडी हवी असते. ती गाडी आमच्याकडच्या एखाद्या वळणावर आली तर तिथेच मुक्काम करील, पण चित्रात ती लागतेच. शेजारच्या गोठ्यातली म्हैस मी एकदा प्रामाणिकपणे दाखवली होती. गिऱ्हाइकाने दुबईहून फोन करून ती काढायला लावली.

हे सगळं रंगवायचं जड काम संगणकातलं ग्राफिक्स कार्ड करतं. पंखे बसवलेलं, पाठीला काळा पत्रा असलेलं, विटेसारखं जाडजूड. महाडच्या बाजारात एका चाचांचं कॉम्प्युटर आणि कॅमेऱ्यांचं दुकान आहे, त्यांच्याकडून मी ते नवंकोरं घेतलं होतं. आधीच्या कार्डावर एक बंगला रंगेपर्यंत माझा स्वयंपाक आटपायचा. याच्यावर कुकरची शिट्टी व्हायच्या आत बंगला तयार. मी त्याच्यावर फार खूश होते.

त्या खंडेनवमीला बाबा पूजेचं ताट घेऊन माझ्या खोलीत आले. मी संगणकाचं खोकं त्यांच्यापुढे सरकवलं.

"ह्याच्यात मेन कोण?" बाबांनी विचारलं.

"ग्राफिक्स कार्ड. बाकीचे सगळे त्याचे हमाल."

"मग उघड. त्यालाच लावू."

"बाबा, आत पाणीबिणी चालत नाही."

"टिळा लावायचा हाय, आंघोळ नाय घालायची."

मला हसू आलं, आणि हसू आलं की माझं डोकं चालत नाही. मी संगणक बंद केला, वायर काढली, स्क्रू काढून बाजूचा पत्रा उघडला. बाबांनी वाटीत कालवलेल्या कुंकवात करंगळीशेजारचं बोट बुडवलं आणि कार्डाच्या पाठीवर अगदी मधोमध टिळा लावला. त्यावर हळद. ते अक्षता टाकायला निघाले तेव्हा मात्र मी त्यांचा हात धरला, कारण पंख्यात तांदूळ गेला असता. बाबांनी अक्षता माझ्याच डोक्यावर टाकल्या आणि नमस्कार करून गेले.

दिवाळीपर्यंत कार्ड झकास चाललं. दिवाळीनंतर एकदा आखातातल्या एका गिऱ्हाइकाचं घर रंगवत होते, तर त्याच्या गच्चीवर हिरवे चौकोन उगवले. हे गिऱ्हाइकाला आवडेलसुद्धा, असा विचार क्षणभर माझ्या मनात येऊन गेला. मग चौकोन जिन्याने खाली उतरले, भिंतींवर पसरले, परदेशी गाडी त्यांनी गिळली आणि पडदा काळा झाला. पंखे मात्र जिवाच्या आकांताने फिरत राहिले. मी बंद करून चालू केलं, तारा काढून लावल्या, दोनचार शिव्या घातल्या. काही उपयोग झाला नाही.

बाबा चहा घेऊन आले होते. "काय झालं?"

"कार्ड गेलं."

ते संगणकाच्या त्या बाजूकडे बघत राहिले जिथला पत्रा मी त्या दिवशी उघडला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कार्ड घेऊन महाडला गेलो. चाचांनी ते त्यांच्या संगणकात बसवून पाहिलं, मान हलवली, बाहेर काढलं, उलटं केलं आणि बघतच राहिले.

"काका, हे काय?"

"टिळा," बाबा म्हणाले.

चाचांना हसू आवरेना. "आमच्यातपण नव्या दुकानात लोबान फिरवतात, काका. पण खोकं बंद ठेवून!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, वॉरंटी आहे, बदलून मिळेल. फक्त हे पुसून टाकू. कंपनीवाल्यांनी बघितलं तर नाटकं करतील." त्यांनी स्पिरिटची बाटली आणि फडकं काढलंसुद्धा.

बाबांनी कार्डावर हात ठेवला. "कुंकू पुसत नायत."

"अहो काका, लोखंडावरचं आहे."

"कशावरचं पण असू दे. लावलेलं पुसत नायत. आणि मी लावलंय तर लपवू कशाला?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मी चाचांकडे पाहिलं. आईचा करंडा हातात घेतलेल्या माणसाला कुंकू पूस म्हणून कोण सांगणार? मला तरी ते जमलं नाही आणि चाचांनाही जमलं नाही. त्यांनी बाटलीचं बूच लावलं.

मग कंपनीच्या मदतकेंद्राला फोन. पहिल्या बाईने विचारलं, कुठून बोलताय? मी महाड म्हटलं. ती म्हणाली, तिथे पूर येतो ना, पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं, बाई, पूर पावसाळ्यात येतो आणि मी राहते पोलादपूरकडे. तिने विचारलं, हे पोलादपूर कुठे आलं? सोपं जावं म्हणून मी सांगितलं, महाबळेश्वरच्या घाटाखाली. त्यावर ती म्हणाली, म्हणजे दमट हवामान, दमटपणा वॉरंटीत बसत नाही. दुसऱ्या वेळी फोन केला तेव्हा मी शहाणपणा करून औद्योगिक वसाहतीचं नाव सांगितलं. तिथल्या माणसाने लगेच केमिकलच्या वाफांचा मुद्दा काढला. थोडक्यात, आमच्या अख्ख्या भूगोलालाच वॉरंटी नव्हती. तिसऱ्या फोनला मी फक्त पिनकोड सांगितला आणि पुढे तोंड मिटून बसले, तेव्हा कुठे तक्रार नोंदली गेली.

त्यांना कार्ड मूळ खोक्यात हवं होतं. आता आमच्याकडे चांगलं खोकं कोणी टाकत नाही, पण रिकामंही ठेवत नाही. शोधलं तेव्हा ते माळ्यावर सापडलं. बाबांनी त्यात बियाण्याचे कडवे वाल ठेवले होते, किडू नयेत म्हणून व्यवस्थित राख लावून. मी वाल डब्यात ओतले, राख झटकली, फुंकर मारून डोळ्यांत घालून घेतली आणि खोकं चाचांकडे पोचवलं. तिथून ते कुरियरने नवी मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला गेलं.

उत्तर ईमेलने आलं. "ग्राहकाकडून द्रवपदार्थ व परकीय पदार्थामुळे झालेले नुकसान. वॉरंटी नाकारली." सोबत फोटो. कार्डाची पाठ, मधोमध बाबांचा टिळा, आणि त्यांनी त्याच्याभोवती लाल रेघेने गोल काढला होता. फोटो इतका स्वच्छ होता की बोटाच्या रेषा दिसत होत्या. मी फोन पालथा घालायच्या आत बाबांनी तो पाहिला. चष्मा आणून पुन्हा पाहिला.

"माझंच बोट हाय," ते म्हणाले.

"बाबा, तो पत्रा आहे नुसता. बाहेरचा. त्याने काही होत नाही."

"त्यांनी लिवलंय ना."

त्या दिवसापासून बाबांनी यंत्रांना हात लावणं सोडलं. मिक्सर लावायचा तर मला हाक मारायचे. चहा आणायचे तो माझ्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून द्यायचे, आत पाऊल टाकायचे नाहीत. बोअरवेलची मोटर नवी बसवली तेव्हा मिस्त्रीने सवयीने म्हटलं, काका, टिळा लावा. बाबा म्हणाले, "पोरगी लावंल." मी लावला, तो वाकडा आला. बाबा अंगणाच्या पार टोकाला जाऊन नारळाच्या झापांकडे बघत उभे होते, जणू त्यांचं तिथे फार महत्त्वाचं काम होतं. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. कार्ड गेलं तर चार बंगले जास्त रंगवून मी दुसरं घेतलं असतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर मशिनं चालवली त्याला एका ईमेलमध्ये मशीन मारणारा ठरवून हे मोकळे! मला कार्ड बदलून नको होतं. बाबा निर्दोष सुटायला हवे होते.

मी सर्व्हिस सेंटरला जायचं ठरवलं. सकाळी निघताना बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "मी येतो. लावलंय मी, तर सांगायला पण मीच पायजे." एसटीत त्यांनी पूर्ण वेळ मांडीवर हात ठेवून बसून प्रवास केला. नेहमी ड्रायव्हरचा गिअर चुकला की त्यांना लगेच कळतं आणि ते मला सांगतात. त्या दिवशी गिअर अनेकदा चुकला, ते एकदाही बोलले नाहीत.

सर्व्हिस सेंटर म्हणजे काचेच्या दारामागची थंडगार खोली. टोकन घ्या, बसा, पडद्यावर नंबर बघा. आमचा नंबर आला. काउंटरवरच्या माणसाने कार्ड आणून पुढ्यात ठेवलं आणि मी तोंड उघडायच्या आत बाबा उभे राहिले.

"साहेब, हे मी लावलं. पोरीला कायपण ठाऊक नव्हतं."

हे धादांत खोटं होतं. "स्क्रू मी काढले," मी म्हटलं.

"तिला मी सांगितलं काढायला."

"मी नाही म्हणू शकले असते."

"ती मला नाय म्हणत नाय, साहेब."

ही माहिती मला नवीन होती. काउंटरवरचा माणूस एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही दोघं आधी ठरवून घ्या, मग सांगा."

मग माझं डोकं फिरलं. मी त्याला विचारलं, टिळा पत्र्यावर आहे, बाहेरून आहे, वाळलेला आहे, आतल्या चिपपर्यंत तो चालत गेला काय? त्याने पडदा वळवून दाखवला. नुकसानाचं कारण निवडायला तिथे काही ठरलेले पर्याय होते. पडणे, जळणे, कीटक, छेडछाड, द्रव. कुंकू त्यात कुठेच नव्हतं, म्हणून कोणीतरी ते द्रवात बुडवलं होतं. मी म्हटलं, मग कार्ड उघडा, तपासा, आणि कुंकवामुळेच ते बंद पडलं असं लिहून द्या. मी ते फ्रेम करून घरी लावते. आवाज माझा जरा मोठाच होता, कारण मागच्या खुर्च्यांवरची माणसं टोकन विसरून आमच्याकडे बघायला लागली होती. आतून एक वरिष्ठ आला. त्याने टिळा पाहिला, बाबांना पाहिलं, आणि "बघतो, कळवतो" म्हणून कार्ड घेऊन आत गेला. बाबांनी त्यालाही वाकून नमस्कार केला. माझा आणखीच संताप झाला.

काही दिवसांनी फोनवर मेसेज आला. "आपली विनंती विशेष बाब म्हणून मंजूर करण्यात येत आहे. बदली कार्ड पाठवण्यात येईल." मी ओरडत पडवीत गेले. बाबा वाल सोलत होते. मी मेसेज वाचून दाखवला.

"का गेलं ते लिवलंय?"

"नाही. पण मंजूर केलंय!"

"विशेष बाब," बाबा म्हणाले. "कंपनीत कोणाची चूक पोटात घालायची असली की आमचे साहेब असंच लिवायचे. म्हणजे दया केली त्यांनी." आणि ते पुन्हा वाल सोलायला लागले.

कार्ड मिळालं आणि खटला हरलो, अशी आमची अवस्था. मी पुन्हा फोन करून कार्ड कशाने बंद पडलं ते सांगा म्हणून मागे लागले. तिकडून प्रत्येक वेळी गोड आवाजात उत्तर आलं की तुमची तक्रार आनंदाने बंद करण्यात आली आहे. कोणाच्या आनंदाने, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

पार्सल चाचांच्या पत्त्यावर आलं, कारण आमच्या गावापर्यंत यायला कुरियरवाल्याची तयारी नसते. मी ते घरी आणून उघडलं. बाबा उंबऱ्याबाहेर, हातात चहा. आत कार्ड होतं, आमच्या कार्डासारखंच, पण आमचं नव्हे. नंबर वेगळा होता, आणि नवंही नव्हतं. वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणलेलं कार्ड आहे. म्हणजे कोणाचं तरी बंद पडलेलं, दुरुस्त करून आमच्या गळ्यात मारलेलं. मी तोंडात आलेली शिवी अर्धी उच्चारली आणि कार्ड उलटं केलं.

पाठीच्या पत्र्यावर, कोपऱ्यात, लाल डाग होता. अर्धा पुसलेला. जिथे स्क्रू बसतो त्या खळगीत लाल तसंच साचून वाळलं होतं, आणि कडेला किंचित पिवळं.

"बाबा," मी म्हटलं, "चष्मा घेऊन या."

ते चष्मा घेऊन आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. मी उठून कार्ड त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. त्यांनी ते उजेडाकडे वळवलं, नखाने न खरवडता नुसतं जवळून पाहिलं.

"हे माझं नाय," ते म्हणाले. "मी मधी लावलेलं. हा कोपऱ्यात हाय." मग आपलं बोट त्या डागाशेजारी धरून म्हणाले, "बोट पण बारीक हाय. बाईमाणसाचं."

मी कार्ड बसवलं, तारा जोडल्या, बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा उजळला. आखातातल्या गिऱ्हाइकाचं ते घर अजून अर्धवटच पडलं होतं. मी ते रंगवायला लावलं. भिंती आल्या, काचेचं रेलिंग आलं, खजूर आले, गाडी आली. गच्ची स्वच्छ. एकही हिरवा चौकोन नाही.

बाबा कधी आत येऊन माझ्या पलंगावर बसले ते मला कळलंच नाही.

"चालतंय," ते म्हणाले.

"चालतंय."

"कुंकू असून चालतंय."

"हो बाबा."

"आणि एवढ्या सगळ्यांच्या हातातून गेलं, पण कोणी पुरतं पुसलं नाय बघ."

माझ्या मते सर्व्हिस सेंटरवाल्यांचं फडकं त्या खळगीत पोचलं नसणार. पण हे मी बाबांना सांगितलं नाही. ते कितीतरी दिवसांनी मोकळे होऊन बसले होते, पाठ भिंतीला टेकवून, चहा स्वतःच पीत. माझ्यासाठी आणलेला होता तो. घर पूर्ण रंगलं, मी ते फिरवून सगळ्या बाजूंनी दाखवलं, आणि बाबांनी गाडीला नावं ठेवली. ही आपल्या वळणावर वळायची नाय, असं तेही म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी त्या गाडीला आणखी लांब करून दाखवलं.

मग त्यांनी चहा अर्धवट सोडून कप खाली ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"ती बाई," बाबा म्हणाले. "जिनं हा टिळा लावला. तिचं कार्ड बंद पडलं आणि ते घेऊन गेले. तिला फोटो पाठवला असंल, गोल काढून. ती अजून बसली असंल गो तशीच, की माझ्या बोटानं गेलं म्हणून. तिला कोण सांगणार, इथं चालतंय?"